विलासशेठची एकट्याची उडी

आमच्या बॅचमध्ये विमानातून सगळ्यात जास्त उड्या मारलेला माणूस अभ्यासात सगळ्यात मागे होता. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा म्हणतो, "असं कसं असेल?" तर असं होतं, आणि त्या माणसाचं नाव विलासशेठ झेंडे.

मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याच्या आडतीचा गाळा आहे. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, लिलाव करायचा, विकून द्यायचा, हा धंदा. पन्नाशीला टेकलेले, उंचीने बेताचे, रुंदीने सढळ, पांढरा सदरा आणि आवाज असा की शेजारी बसून बोलतानाही ट्रकच्या पलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा. मी विश्रांतवाडीत राहते आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेते. आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती पडली सोलापूरच्या रस्त्याला असलेल्या एका छोट्या धावपट्टीवर, स्कायडायव्हिंगच्या शिबिरात. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे गृहस्थ जेवणाचं कंत्राट घेतलेले असावेत. त्यांनाही माझ्याबद्दल असंच काहीतरी वाटलं असणार, कारण त्यांनी मला विचारलं, "मॅडम, नावं तुम्ही लिहून घेताय का?"

शिक्षण ऐकायला सोपं आहे. विमान खूप उंचावर नेतं. सुरुवातीला दोन शिक्षक दोन बाजूंनी तुम्हाला धरून तुमच्याबरोबर उडी मारतात. हवेत पोट खाली, कंबर पुढे, हातपाय मागे, अशी शरीराची कमान करायची. मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ असतं, ते बघत राहायचं आणि ठरलेल्या उंचीला उजवा हात पाठीमागे नेऊन पॅराशूटचं हँडल ओढायचं. हे जमलं की तिसऱ्या टप्प्याला शिक्षक हवेत हात सोडतात. तुम्ही तसेच स्थिर राहिलात तर पुढे जायचं, गरगरलात तर तोच टप्पा पुन्हा. असं करत करत शेवटी एकट्याची उडी. तिच्यात धरायला, सावरायला, बोटाने खुणावायला कुणीही नसतं.

विलासशेठ तिसऱ्या टप्प्यावर अडकले ते अडकलेच. शिक्षकांनी हात सोडला की ते भोवऱ्यासारखे फिरायचे. बरं, शिबिर फक्त हिवाळ्यात. त्यातही विमान कधी यायचं, कधी यायचं नाही. आलं तर वारा, वारा पडला तर धुकं. दिवसभर धावपट्टीच्या कडेला बसून संध्याकाळी एक उडी मिळायची, ती गरगरण्यात जायची आणि मग पुढच्या वर्षाची वाट बघायची. मधल्या काळात आमच्यासारखे बरोबरचे पुढे निघून गेले, मागून आलेलेही गेले. शेठ प्रत्येकाला हार घालायचे, पेढे द्यायचे, आणि पुढच्या फेरीला पुन्हा तिसऱ्या टप्प्याच्या रांगेत उभे राहायचे.

माणूस अशाने हिरमुसतो. मी हिरमुसले असते, खरं तर भांडले असते. विलासशेठचं हिरमुसणं कधी दिसलं नाही, कारण त्यांनी त्यावर स्वतःची एक रीत काढली होती. उडी झाली की बाकीचे शिक्षकांना पहिला प्रश्न विचारायचे, "पास का?" शेठ तो प्रश्न कधीही विचारत नसत. ते विचारायचे, "सर, मागच्या वेळेपेक्षा काय बरं होतं? एकच सांगा. दोन सांगितली की मी एकबी करत न्हाई."

आमचे शिक्षक जाधवसर फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. शब्द उधार आणल्यासारखे बोलायचे. ते जरा विचार करून म्हणायचे, "डावा पाय सरळ होता." संपलं. शेठ ते डाव्या पायाचं कौतुक घेऊन पुण्याला यायचे आणि वर्षभर उजव्या पायावर काम करायचे.

एकदा मी त्यांना म्हटलं, "शेठ, इतकं हळूहळू चाललंय, कंटाळा नाही येत?"

"मॅडम, कांद्याचा ढीग निवडायला बसलेली बाई पाहिलीय का तुम्ही? ती ढिगाकडं बघतच न्हाई. बघितलं तर उठून घरी जाईल. ती म्होरची पाटी बघती. माझी ही पाटी चालू हाय."

हे वर्षभराचं काम म्हणजे काय, ते मला गाळ्यावर गेले तेव्हा कळलं. घरासाठी कांदे घ्यायला गेले होते. सकाळचा लिलाव उरकला होता. मागच्या बाजूला पोत्यांची थप्पी, तिच्यावर विलासशेठ पालथे, कंबर पोत्यात रुतवलेली, हातपाय हवेत, मान वर. दोन हमाल तंबाखू मळत शांतपणे बघत उभे होते.

"किती वेळ चाललंय हे?" मी विचारलं.

"रोजचंच हाय," त्यातला एक म्हणाला. "आधी आम्हाला वाटलं शेठचं पोट दुखतंय."

शेठनी मान न हलवता मला नमस्कार केला, म्हणजे नुसत्या भुवया उचलल्या. उजवा हात सावकाश पाठीमागे नेला, नसलेलं हँडल चाचपलं, ओढलं आणि मगच खाली उतरून चहा सांगितला.

वजनाचीही मर्यादा असते. त्यासाठी त्यांनी दोन दिवाळ्यांचा फराळ सोडला. त्यांच्या पत्नी, कमलवहिनी, प्रत्येक शिबिराला यायच्या. गाडीत डबे, पाण्याची टाकी, सतरंजी, सगळं घेऊन. विमान उडालं की त्या त्याच्याकडे पाठ करून पोळ्यांचा डबा उघडायच्या आणि वर छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडल्याचं कुणी सांगितलं की झाकण लावायच्या. मला म्हणाल्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यासाठी तंबाखू सुटली नाही. विमानासाठी चकली सुटली." सांगताना चेहऱ्यावर रेघही हलली नाही. पण त्या एकदाही न चुकता आल्या, हेही मी पाहिलंय.

आता ती बोटांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय आमच्या शिबिरातला कुणीही विलासशेठचं नाव पुरं घेत नाही.

हवेत वाऱ्याचा आवाज एवढा असतो की बोलणं अशक्य, म्हणून शिक्षक बोटांनी खुणा करतात. दोन बोटं सरळ दाखवली की पाय सरळ करा. आणि इकडे यार्डात पूर्वी भाव ठरायचे ते रुमालाखाली. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे, त्यातून आकडा कळायचा, आणि बाजूला उभा असलेला शेतकरी नुसता रुमालाकडे बघत राहायचा. ती पद्धत केव्हाच बंद झाली. पण शेठच्या वडलांनी त्यांना लहानपणी आधी बोटं शिकवली होती आणि मग अक्षरं.

तर एका उडीत जाधवसरांनी हात सोडला, शेठ क्षणभर चक्क स्थिर राहिले, सरांनी समोर येऊन दोन बोटं दाखवली. शेठनी काय करावं? त्यांनी झडप घालून ती दोन बोटं धरली आणि दाबून उलटा आकडा दिला. एका बाजूला झुकल्यामुळे स्वतः फिरले, बरोबर सरांनाही फिरवलं. सगळं सरांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात आलं आहे. त्यात शेठचा चेहरा अगदी सौदा चालू असलेल्या माणसाचा आहे.

खाली आल्यावर जाधवसर बराच वेळ बोटं चोळत होते. मग म्हणाले, "झेंडे, मी पाय सरळ करा म्हणत होतो. तुम्ही भाव पाडत होता."

आम्ही हसून हसून लोळलो. शेठही हसले. पण जेवताना मी पाहिलं, ते सतरंजीच्या टोकाला बसून उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एक एक करून मिटत होते. वहिनींनी वाढलेली भाजी निवत होती. मला म्हणाले, "मॅडम, ही बोटं माझ्या आधी निर्णय घेतात. आता ह्यांना परत शाळेत घालायचं म्हंजे वेळ लागणार." तेवढ्यापुरता मात्र तो माणूस मला थकलेला वाटला. बाकी कधी नाही.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याच गाडीतून यायचे. वहिनी मागच्या सीटवर झोपलेल्या असायच्या. त्या दिवशी हडपसरच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती, तेव्हा मी न राहवून विचारलं की हे सगळं कशासाठी. मला वाटलं होतं लहानपणीचं स्वप्न वगैरे सांगतील.

ते म्हणाले, "मी सकाळी गाळ्यावर पाय ठेवला की कोणतरी हाताला धरतंच बघा. शेतकरी धरतो, शेठ माझा माल आधी काढा. खरेदीदार धरतो. हमाल धरतो. घरी गेलो की भाऊ धरतो. सगळे आपलेच हायेत, तक्रार न्हाई. पण जाधवसरांनी पयल्यांदा हात सोडला ना, तेव्हा मी गरगरलो ते सोडा, पण त्याच्या आधी एक क्षण असा होता की मला कुणीच धरलं नव्हतं. जन्मात पयल्यांदा." मग गिअर बदलून समोरच्या बसमागे गाडी जरा पुढे घेतली. "एकदा वरपासून खालपर्यंत तसं यायचंय. एकदाच. मग तुम्ही म्हणाल तर पोतीबी उचलीन."

तेव्हापासून माझ्यासाठी ती नुसती मजेदार गोष्ट राहिली नाही. या माणसाला एकट्याची उडी मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटायला लागलं. माझी स्वतःची मला सहज मिळाली होती. दुसऱ्याच हिवाळ्यात, काही न अडता. शेठनी हार घातला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी फोटो नीट येतोय की नाही ते बघत होते.

वर्षं जात राहिली. मग एका जानेवारीत ते घडलं. मी खाली होते, वहिनी विमानाकडे पाठ करून डब्याशी. छत्री उघडली, शेठ उतरले, आणि नेहमीचा प्रश्न विचारायला सरांकडे आलेच नाहीत. शेतातल्या ढेकळांवर छत्रीच्या ढिगात बसून राहिले. जाधवसरच चालत त्यांच्याकडे गेले. आम्ही नंतर कॅमेऱ्यातलं पाहिलं. सर हात सोडतात, मागे सरकतात, अजून मागे सरकतात, आणि मधोमध विलासशेठ झेंडे, एखाद्या मोठ्या पाटावर निवांत पालथे पडावं तसे, न फिरता, न हलता. सरांनी दोन बोटं दाखवली. पाय सरळ झाले. हात जिथल्या तिथे.

"काय बरं होतं, विचारा ना," मी म्हटलं.

"नको. आज ऐकवणार न्हाई," ते म्हणाले.

त्यानंतरचे टप्पे त्यांनी भराभर उरकले. तीच गंमत आहे. गाठ एकच असते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सरांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारून सांगितलं की पुढच्या हिवाळ्यात पहिलं विमान, पहिली उडी, एकट्याची. खरं तर त्याच दिवशी झाली असती, पण दुपारनंतर वारा चढला आणि खाली उतरला नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. मी अजूनही त्या वाऱ्याला शिव्या देते. एवढी वर्षं गेली, त्यात एक तास जास्तीचा मिळाला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

पावसाळ्यात गाळ्यावर पोत्यांची थप्पी घसरली. खाली एक हमाल वाकून वजनकाट्याशी काहीतरी करत होता. विलासशेठनी उजवा हात पुढे घातला. हमालाला खरचटलंसुद्धा नाही. शेठचा खांदा निखळला, आतलं बरंच काही फाटलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, रोजच्या कामाला हात उत्तम चालेल, फक्त जोरात मागे न्यायचा नाही, पुन्हा निखळेल. शेठनी विचारलं, वाऱ्यात मागे न्यायचा असेल तर? डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही.

ते आणखी दोन डॉक्टरांकडे जाऊन आले. उत्तर तेच होतं.

हिवाळ्यात ते शिबिराला आले. पोशाख घालून, हेल्मेट काखेत घेऊन, पहिल्या विमानाच्या रांगेत उभे राहिले. जाधवसरांना सगळं माहीत होतं. सरांनी त्यांना बाजूला बोलावलं. मी सामान बांधत जवळच होते, त्यामुळे ऐकू आलं.

"हात मागे न्या."

शेठनी नेला. अर्ध्यावर चेहरा बदलला, पण नेला.

"जमिनीवर एवढं दुखतंय. वरच्या वाऱ्यात निखळला तर?"

"डाव्या हातानं ओढीन. तसं हँडल बसवून द्या."

"आणि छत्री वळवायला? दोन्ही हात वर लागतात."

शेठनी उजवा हात सावकाश खाली घेतला. मग म्हणाले, "सर, एकदाच. माझ्या जबाबदारीवर. लिहून देतो."

जाधवसर मान खाली घालून बुटाने माती उकरत होते. म्हणाले, "झेंडे, खांदा गेला तर धरायला मी लागेन. आणि मी नसेन. एकट्याची उडी म्हणजे तेच ना." मग मान वर करून म्हणाले, "मी बांधून घेतो तुम्हाला माझ्या पुढे. दोघं मिळून जाऊ. खांद्याला काही होणार नाही. ही उडी माझ्याकडून."

"त्याला उडी म्हणत न्हाईत, सर," विलासशेठ म्हणाले. "त्याला वाहतूक म्हणतात."

त्यांनी हेल्मेट सरांच्या हातात दिलं. वहिनींनी त्या दिवशी पहिल्यांदा विमानाकडे तोंड करून ते उडताना पाहिलं, कारण नवरा शेजारी बसला होता. त्या रडत होत्या. मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं वाटेल. त्या म्हणाल्या, "एवढं केलं हो ह्यांनी. एक तरी मिळायला हवी होती."

मलाही तसंच वाटतं, आजही. अर्थ काढणारे काढतात की त्यांनी माणूस वाचवला, ती केवढी मोठी गोष्ट. आहेच मोठी. पण त्यांना हवी होती ती ही नव्हे, आणि एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

मी पुढे शिबिराला जायची थांबले. मुद्दाम नाही. एका हिवाळ्यात ऑफिसात काम निघालं, दुसऱ्यात आईचे गुडघे. मग सवय मोडली. माझं हेल्मेट माळ्यावर गेलं.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या स्नेहसंमेलनाच्या पावभाजीसाठी बटाटे आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणून मार्केट यार्डात गेले. विलासशेठ गाळ्यावर होते. केस पिकलेत, आवाज तोच. मला बघून लिलाव चालू असतानाच चहा सांगितला. लोक त्यांच्या बाहीला धरून बोलत होते, ते एकेकाला वाटेला लावत होते. मोकळे झाल्यावर स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

"विमान आलंय," ते म्हणाले. "मी रविवारी जाऊन आलो. कात्रजच्या शाळेतल्या एक बाई हायेत, तिसऱ्या टप्प्यावर अडकल्यात. रडायलाच लागल्या. त्यांच्याजवळ बसलो जरा. तुम्ही कधी?"

मी सांगितलं. ऑफिसात नवीन प्रोजेक्ट आहे, शनिवार-रविवारही जातो. रस्त्याला ट्रॅफिक किती वाढलंय. आईला एकटं सोडता येत नाही. शिवाय आता सराव राहिला नाही, पुन्हा सुरुवातीपासून काही टप्पे करावे लागतील. शेठनी सगळं नीट ऐकून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "खांदे कसे हायेत?"

"कुणाचे?"

"तुमचे."

"बरे आहेत."

"दोन्ही?"

"हो, दोन्ही."

"मंग?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी पुण्याची आहे, उत्तर दिलं असतं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि ते उत्तराची वाट बघत माझ्याकडे बघत होते. बाहेर ट्रक लागला, कुणीतरी त्यांना हाक मारली, दोघं-तिघं येऊन त्यांचा हात धरून त्यांना उठवायला लागले. ते उठले, पण जाताना दारात थांबून त्यांनी पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं. मी बटाट्यांकडे बघत राहिले.